एकमेकांचे पाय

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी, प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ अर्पण होणाऱ्या मिस्सामध्ये प्रवचन आटोपले, की वसईतल्या गावोगावच्या चर्चपासून रोमच्या बासिलिकांपर्यंत कॅथलिक पंथात एक विधी होतो. धर्मगुरू आपले वरचे पूजावस्त्र उतरवून ठेवतो, कमरेला पंचा बांधतो, आणि ओळीने मांडलेल्या आसनांवर बसलेल्या माणसांपुढे, जी संख्येने बहुधा बारा असतात, एकामागून एक वाकून त्यांच्या पायांवर पाणी घालतो व ते पुसून कोरडे करतो. अर्ध्या-पाऊण घटकेत हे सारे संपते आणि मिस्सा पुढे चालू होतो. परंतु या अल्पशा कृतीभोवती गेल्या सोळा-सतराशे वर्षांत जे वाद माजले, जी फर्माने निघाली, जे दरबारी थाट उभे राहिले आणि काळाच्या ओघात मोडून पडले, त्यांचा एकत्र विचार केला म्हणजे सर्वांच्या मुळाशी एकच प्रश्न सापडतो: पाय कोणी कोणाचे धुवायचे, आणि ज्याने धुतले त्याने आपले पाय दुसऱ्याच्या हाती द्यायचे की नाही? येशूने शिष्यांना केलेली, एकमेकांचे पाय धुण्याची आज्ञा परस्परतेची होती. ख्रिस्तसभेच्या व्यवहारात ती पुनःपुन्हा वरून खाली येणाऱ्या उपकाराचे रूप घेत आली, आणि पुनःपुन्हा कोणीतरी तिला मूळ वळणावर आणण्यासाठी झटत आले.

विधीचा आधार योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनी त्या रात्रीच्या हकिकतीत भाकर व द्राक्षारस यांना मध्यवर्ती स्थान दिले; योहान, ज्याचा ग्रंथ बहुतेक अभ्यासकांच्या मते पहिल्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाला, भाकर-द्राक्षारसावरच्या वचनांविषयी येथे मौन पाळतो आणि ज्या जागी वाचक त्यांची अपेक्षा करतो नेमक्या त्या जागी पाय धुण्याचा प्रसंग घालतो. प्रसंगाचे वर्णनही तो एकेक हालचाल टिपत करतो: येशू जेवणावरून उठतो, अंगावरचे वस्त्र उतरवतो, रुमाल घेऊन कमरेस बांधतो, गंगाळात पाणी ओततो, शिष्यांचे पाय धुऊ लागतो आणि कमरेच्या त्याच रुमालाने ते पुसतो. वस्त्र उतरवून ठेवणे आणि पुन्हा धारण करणे ही, दहाव्या अध्यायात येशू आपला प्राण देण्याविषयी व परत घेण्याविषयी जे बोलतो त्याचीच कृतीतून दिलेली खूण होय, असे अनेक भाष्यकारांनी दाखवून दिले आहे आणि ते मला पटते. कारण दुसऱ्या दिवशीच्या क्रूसाशी संबंध तोडला, तर हा प्रसंग केवळ शिष्टाचाराचा धडा होऊन बसतो.

शिष्टाचार म्हणून पाहिले तर पाहुण्याला पाय धुण्यास पाणी देणे हा त्या धुळीच्या मुलखातला फार जुना दस्तूर; मम्रेच्या एलोन वृक्षांपाशी आलेल्या तिघा वाटसरूंना अब्राहामाने प्रथम देऊ केले ते पाणीच. पण पाणी देणे वेगळे आणि स्वतः पाय धुणे वेगळे. दाविदाची मागणी आली तेव्हा अबीगईल नम्रतेची पराकाष्ठा म्हणून म्हणते, की आपण त्याच्या सेवकांचे पाय धुणारी दासी होण्यासही तयार आहोत. यहुदी धर्मशास्त्र्यांनी पुढे असा निर्णय दिलेला आढळतो, की इब्री गुलामाकडूनही धन्याने हे काम सक्तीने करवून घेऊ नये. शिष्याने गुरूची दासाने करावी ती सर्व सेवा करावी, फक्त पायातल्या वहाणेचा बंद सोडू नये, असाही एक दंडक तालमूदमध्ये आहे. येशूच्या वहाणेचा बंद सोडण्याचीही आपली योग्यता नाही असे बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतो, त्या उद्गाराचे वजन या दंडकाच्या पार्श्वभूमीवर ध्यानी येते. ज्या समाजात शिष्याने गुरूच्या पायांशी कोठवर जावे याचीही सीमारेषा आखलेली होती, तेथे गुरूनेच शिष्यांच्या पायांशी बसावे, हा मानमर्यादेच्या उतरंडीचा मुळापासून केलेला पालट होता.

या प्रसंगाचा गाभा मला पेत्र या शिष्याच्या नकारात दिसतो. त्याचा विरोध भक्तीतून आलेला आहे. ज्याला आपण प्रभू मानले त्याने आपल्यापुढे वाकावे हे त्याला सोसवत नाही. पाय धुऊ दिले नाहीत तर आपल्याबरोबर तुला वाटा नाही, असे येशू त्याला निक्षून सांगतो, आणि मग तोच पेत्र क्षणार्धात दुसऱ्या टोकाला जाऊन हात आणि डोकेही धुण्याची विनवणी करतो. नम्रतेची चर्चा करताना आपण बहुधा वाकणाऱ्याचाच विचार करीत असतो. वाकणे कठीण खरेच. परंतु आयुष्यभर घरातल्या सर्वांचे करीत आलेल्या बाईला आजारपणात सुनेच्या हातून अंग पुसून घेताना जो संकोच वाटतो, तो पाहिला म्हणजे सेवा घेणे हे सेवा करण्याहून सोपे नसते, किंबहुना पुष्कळांना ते अधिक जड जाते, हे कळून येते. सेवा करणाऱ्याच्या हाती काही सत्ता उरते. सेवा घेणाऱ्याला आपली गरज, आपला मळ, आपली असमर्थता दुसऱ्यापुढे उघडी करावी लागते. पेत्राला येशू नेमके तेच करावयास लावतो, आणि त्यानंतरच त्याला इतरांचे पाय धुण्याची आज्ञा होते. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि विधीच्या इतिहासात तोच सर्वांत अधिक विसरला गेला.

त्या पायांत यहूदा इस्कर्योताचेही पाय होते. योहानाच्या निवेदनानुसार तो बाहेर पडतो ते पाय धुऊन झाल्यावर, भाकरीचा तुकडा घेतल्यानंतर. आणि आपल्याला धरून देणारा कोण हे येशूला ठाऊक होते, असे योहान त्याच अध्यायात स्पष्ट सांगतो. पात्रापात्रतेची छाननी करून मग सेवा करण्याचा मार्ग येथेच बंद झालेला आहे.

चित्रकारांना या प्रसंगाने शतकानुशतके आव्हान दिले. जोत्तोने चौदाव्या शतकाच्या आरंभी पादुआच्या स्क्रोवेन्यी प्रार्थनामंदिरात तो भिंतीवर रंगविला. तिंतोरेत्तोने सोळाव्या शतकात व्हेनिसच्या एका चर्चसाठी काढलेल्या, आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात असलेल्या भव्य चित्रात मुख्य घटना एका कोपऱ्यात ढकलून बाकीची जागा पायांतले काढू पाहणाऱ्या शिष्यांच्या ओढाताणीला दिली. मला यांच्याहून अर्थपूर्ण वाटते ती फोर्ड मॅडॉक्स ब्राउन या इंग्रज चित्रकाराच्या चित्राची कथा. १८५२ साली ते प्रथम लंडनमध्ये प्रदर्शित झाले तेव्हा त्यातला येशू अर्धनग्न, दासासारखा जमिनीलगत वाकलेला होता, आणि त्यावर इतका गहजब झाला की पुढे चित्रकाराला त्याच्या अंगावर वस्त्रे रंगवावी लागली. योहानाने तर वस्त्र उतरविल्याचे शब्दांत लिहून ठेवले आहे. तेच डोळ्यांनी पाहणे एकोणिसाव्या शतकातल्या भाविक प्रेक्षकांना असह्य झाले. पेत्राचा नकार हा एका माणसापुरता नव्हता, हेच यातून दिसते.

मराठी वाचकाला येथे साहजिकच युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञाची आठवण होईल. महाभारताच्या सभापर्वात त्या यज्ञातली कामे वाटली जातात तेव्हा ब्राह्मणांचे पाय धुण्याचे काम कृष्ण स्वतःकडे घेतो. आणि त्याच यज्ञात त्यालाच अग्रपूजेचा मान मिळतो, हाही योग लक्षात घेण्याजोगा आहे. षोडशोपचारांतले पाद्य, अतिथीच्या पायांवर पाणी, लग्नात वधूपित्याने वराचे धुतलेले पाय, हे सर्व आपल्या परिचयाचे. पण या उपचारांत ज्याचे पाय धुतले जातात तो पूज्य मानलेला असतो, म्हणजे उतरंड कायम राहून तिला मान दिला जातो. कृष्णाचे उदाहरण उदात्त असले तरी तेथेही धुतले गेलेले पाय समाजाने आधीच वंद्य ठरविलेले होते. वारकऱ्यांची रीत, जीत भेटणारे दोघेही एकमेकांच्या पायां पडतात, ती मात्र योहानाच्या कथेच्या पुष्कळ जवळ जाते. आणि ख्रिस्ती विधीचा अभ्यास करणाऱ्या मराठी माणसाने तुलनेसाठी प्रथम तिकडे वळावे असे मला वाटते.

आरंभीच्या ख्रिस्तसभेत ही कृती विधी होण्याआधी व्यवहार होती. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात विधवांच्या यादीत नाव घालण्यासाठी जी पात्रता सांगितली आहे तीत, लेकरांचे संगोपन, पाहुण्यांचा सत्कार आणि संकटग्रस्तांना साहाय्य यांच्या जोडीने पवित्र जनांचे पाय धुणे हेही येते. म्हणजे पहिल्या पिढ्यांत हे काम करणाऱ्या म्हणून ज्यांचा स्पष्ट उल्लेख झाला त्या स्त्रिया होत. पुढे शतकानुशतके स्त्रियांना या विधीच्या आसनावर बसू दिले गेले नाही, हे ध्यानात घेता ही नोंद विसरण्याजोगी नाही. चौथ्या शतकात काही प्रांतांत नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांचे पाय धुण्याचा प्रघात पडला, आणि लगेच मतभेद सुरू झाले. स्पेनमधल्या एल्विरा येथील धर्मसभेने त्यास मज्जाव केला. मिलानचा बिशप अँब्रोझ याने मात्र तो प्रघात आग्रहाने राखला: रोममध्ये ही रीत नाही हे तो मान्य करतो, सर्व बाबतींत रोमचे अनुसरण करण्याची आपली इच्छा असल्याचेही सांगतो, परंतु आपल्यालाही विवेक आहे असे बजावून, रोमचा पहिला बिशप जो पेत्र त्याचाच दाखला रोमच्या विरुद्ध देतो. पेत्राचे पाय धुतले गेले होते, तेव्हा साक्षीदार म्हणून त्याच्याहून मोठा कोण? थोड्याच वर्षांनी ऑगस्टिनने एका पत्रात लिहिले, की हा बाप्तिस्म्याचाच भाग समजला जाईल या धास्तीने काहींनी तो स्वीकारला नाही, तर काहींनी चालू असलेला बंद केला. अखेर तो बाप्तिस्म्यापासून सुटला आणि पवित्र गुरुवाराशी जोडला गेला. ६९४ साली तोलेदोच्या सतराव्या धर्मसभेने त्या दिवशी पाय न धुणाऱ्या बिशपांना व धर्मगुरूंना शिक्षेची तरतूद केली. नम्रतेची कृती न केल्याबद्दल शिक्षा ठरवावी लागणे हीच गोष्ट त्या काळच्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांविषयी पुरेसे सांगून जाते.

या आज्ञेला तिचे खरे घर मिळाले ते मठांत, आणि तेथे थोडे थांबणे अवश्य आहे. सहाव्या शतकात मोंते कासिनो येथे संत बेनेडिक्टने जी नियमावली रचली तिच्या पस्तिसाव्या प्रकरणात स्वयंपाकघरातल्या पाळीचे नियम आहेत. आजारी किंवा अत्यंत महत्त्वाच्या कामात गुंतलेला नसेल अशा प्रत्येक बंधूने आळीपाळीने एकेक आठवडा सर्वांना रांधून वाढावे. शनिवारी पाळी संपविणाऱ्याने सगळीकडे स्वच्छता करावी, बंधू ज्यांनी हातपाय पुसतात ते पंचे धुवावेत, आणि पाळी संपविणारा व पाळी सुरू करणारा अशा दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवावेत. मग भांडी स्वच्छ व धड स्थितीत कोठाराच्या कारभाऱ्याच्या हवाली करावीत. येथे पाय धुणे भांड्यांच्या आणि पंच्यांच्या रांगेत येऊन बसले आहे. त्याला वर्षातला विशेष दिवस नाही, प्रेक्षक नाहीत, आणि निवडलेली माणसेही नाहीत. आज जो धुतो त्याचे पाय पुढच्या शनिवारी दुसरा कोणी धुणार, आणि या फेऱ्यातून जन्माने उमराव असलेला बंधूही सुटत नाही. त्रेपन्नाव्या प्रकरणात आलेल्या पाहुण्यांचे पाय मठाधिपतीने व सर्व मठवासीयांनी धुवावेत असे सांगून बेनेडिक्ट एक मार्मिक कारण जोडतो: गरिबांच्या व यात्रेकरूंच्या स्वागतात अधिक आस्था दाखवावी, कारण श्रीमंतांचा आदर त्यांच्याविषयी वाटणाऱ्या धाकानेच आपोआप होतो. चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वीचे हे मनुष्यस्वभावाचे निदान आजही कोणत्याही कचेरीच्या दारात पडताळून पाहावे. क्लूनीच्या मठात पुढे रोज तिघा गरिबांचे पाय धुण्याचा शिरस्ता पडला. परंतु मठ जसजसे संपन्न झाले, तसतसे या शिरस्त्याचे रूपांतर ठराविक दानधर्मात होत गेले.

राजेरजवाड्यांनी हा विधी उचलला तो मठांकडूनच. फ्रान्सचा नववा लुई हा तेराव्या शतकातला राजा मनापासून गरिबांचे पाय धुणारा होता. त्याचा सहकारी व चरित्रकार जॉइनव्हिल याने एक आठवण प्रांजळपणे लिहून ठेवली आहे: पवित्र गुरुवारी तू गरिबांचे पाय धुतोस का, असे राजाने विचारले असता, त्या गावंढळांचे पाय आपण कधीही धुणार नाही, असे उत्तर त्याने दिले होते, त्यावर, देवाने जे आपल्या शिकवणीसाठी केले त्याचा तिटकारा करू नकोस, आधी देवाच्या आणि मग माझ्या प्रेमाखातर ही सवय लावून घे, असे राजाने त्याला विनविले. राजाने हुकूम सोडला नाही, विनंती केली, यात त्याचे मोठेपण आहे. पण जॉइनव्हिलचे उत्तरही मोलाचे, कारण सरदारवर्गाच्या मनात प्रत्यक्षात काय होते ते त्यातून अस्सल स्वरूपात कळते.

इंग्लंडमध्ये जॉन राजाने १२१० साली नेर्सबरो येथे गरिबांना वस्त्रे व भेटी दिल्याची, आणि १२१३ साली रॉचेस्टर येथे तेरा गरिबांना प्रत्येकी तेरा पेनी दिल्याची नोंद दप्तरात सापडते. पुढे राजाच्या वयाइतक्या गरिबांना दान देण्याची रीत पडली. १५७३ साली ग्रीनिच येथे पहिल्या एलिझाबेथ राणीने एकोणचाळीस गरीब स्त्रियांचे पाय धुतले त्याचे तपशीलवार वर्णन उपलब्ध आहे: प्रथम परीटखान्यातल्या सेवकांनी ते धुतले, नंतर दानाध्यक्षाच्या दुय्यमाने, नंतर खुद्द दानाध्यक्षाने, आणि अशा रीतीने पाय पूर्ण स्वच्छ झाल्यावर राणी गुडघ्यांवर आली. इंग्लंडच्या गादीवरचा ज्याने स्वतः पाय धुतले असा अखेरचा राजा दुसरा जेम्स. अठराव्या शतकात धुणे पुरते थांबले, आणि आज त्या दिवशी राजाच्या वयाइतक्या पुरुषांना व तितक्याच स्त्रियांना खास पाडलेली चांदीची नाणी वाटली जातात. व्हिएन्नाच्या हॉफबुर्ग राजवाड्यात सम्राट फ्रान्झ योझेफ विसाव्या शतकापर्यंत दरबारी इतमामात बारा वृद्धांचे पाय धूत असे. हे सर्व निव्वळ देखावा होते असे म्हणून मोकळे होणे मला न्याय्य वाटत नाही; वर्षातून एकदा का होईना, सत्ताधाऱ्याला सर्वांसमक्ष गुडघे टेकावे लागणे यातून त्या सत्तेवर एक साक्ष उभी राहत होती, आणि लुईसारख्याच्या बाबतीत तिचा परिणाम त्याच्या न्यायदानावरही झाला. परंतु त्या बारांपैकी कोणा म्हाताऱ्याने सम्राटाचे पाय धुतले, असे कधी घडले नाही, आणि घडावे असे कोणाच्या मनातही आले नाही. आज्ञेतला अर्धा भाग तेवढा पाळला गेला.

धर्मसुधारणेच्या काळात ल्यूथरने या समारंभातल्या ढोंगावर कडक टीका केली: एक दिवस वाकायचे आणि उरलेले वर्ष मान ताठ ठेवायची, हे त्याला ख्रिस्ताच्या शिकवणीची विटंबना वाटे. मुख्य प्रॉटेस्टंट पंथांनी बहुतांशी हा विधी सोडून दिला, आणि महाराष्ट्रातल्या मिशनरी परंपरेतून वाढलेल्या बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तो प्रभुभोजनासारखा नियमित विधी म्हणून रुजला नाही. परंतु ज्यांना राज्यकर्त्यांनी आणि मोठ्या पंथांनी दोन्हीकडून छळले, त्या अ‍ॅनाबॅप्टिस्टांनी तो नव्याने उचलला. १६३२ सालच्या डॉर्ड्रेख्टच्या मतपत्रिकेत मेनोनाइटांनी पवित्र जनांचे पाय धुण्यासाठी स्वतंत्र कलम घातले. १७०८ साली जर्मनीतल्या श्वार्झेनाउ येथे अलेक्झांडर माक व त्याचे सोबती यांनी सुरू केलेल्या ब्रेदरन पंथात प्रीतिभोजनाच्या आरंभी मंडळीतले सर्व जण पाय धुतात आणि धुऊन घेतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत या पंथात मोठा वाद झाला: प्रत्येकाने शेजाऱ्याचे पाय धुऊन स्वतःच पुसावेत, की एकाने अनेकांचे धुवावेत व दुसऱ्याने पुसत जावे? बाहेरच्याला हा वाद क्षुल्लक वाटेल, पण मला तो अत्यंत गंभीर वाटतो. पहिल्या पद्धतीत मंडळीतला प्रत्येक माणूस एकदा वाकतो आणि एकदा बसतो, दुसरीत काही धुणारे ठरतात व बाकीचे धुतले जाणारे. अमिश लोक जोडीजोडीने हा विधी करतात. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथ, ज्याचे विद्यापीठ पुण्यात आहे, प्रभुभोजनापूर्वी सभासदांनी एकमेकांचे पाय धुण्याचा नियम पाळतो. संख्येने लहान आणि विद्वत्तेचा डौल न मिरविणाऱ्या या पंथांनी योहानाचा शब्द ज्या सरळपणे घेतला तो, माझ्या मते, थोरल्या परंपरांना अजून साधलेला नाही.

कॅथलिक पंथात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा विधी मिस्साबाहेर, मुख्यतः कॅथीड्रलांत व मठांत होत असे. नोव्हेंबर १९५५ मध्ये बाराव्या पायसने पवित्र सप्ताहाची घडी नव्याने बसविली, गुरुवारचा मिस्सा सकाळऐवजी संध्याकाळी नेला आणि पाय धुण्यास त्यात प्रवचनानंतर जागा दिली. त्यामुळे खेड्यातल्या सामान्य भाविकाला तो प्रथमच नियमित पाहता येऊ लागला. परंतु त्यासाठी निवडायची माणसे पुरुषच असावीत हे बंधन राहिले, आणि जानेवारी १९८८ च्या परिपत्रकात रोमने त्याचा पुनरुच्चार केला. बंधनामागे युक्तिवाद होता. हा दिवस धर्मगुरुपदाच्या स्थापनेचाही मानला जातो, बारा जण हे बारा प्रेषितांचे प्रतिनिधी, तेव्हा ते पुरुष असणेच सयुक्तिक, असे त्याचे स्वरूप. हा युक्तिवाद टाकाऊ नव्हे, पण तो प्रसंगाला नाट्यप्रवेशासारखा वागवतो, ज्यात पात्रे मूळ संहितेशी जुळली पाहिजेत. येशूने त्या रात्री सांगितले ते प्रवेश पुन्हा वठविण्याविषयी नव्हते, त्याने घालून दिलेल्या उदाहरणाप्रमाणे वागण्याविषयी होते.

मार्च २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी, निवड होऊन पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, हा विधी रोमच्या बासिलिकेतून काढून कासाल देल मार्मो येथील अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात नेला. त्या बारांत दोन मुली होत्या आणि दोघे जण मुसलमान होते. जो नियम अद्याप बदललेला नव्हता तो त्याच्या सर्वोच्च रक्षकानेच ओलांडला, याचा पुष्कळ कॅथलिकांना प्रामाणिक क्लेश झाला. तो क्लेश समजण्याजोगा आहे, कारण विधीची शिस्त हीही एक प्रकारची नम्रता असते. नियमातला बदल जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झाला: देवाच्या प्रजेतून कोणालाही, स्त्री-पुरुष, तरुण-वृद्ध, निरोगी-आजारी, धर्मगुरू वा प्रापंचिक, निवडता येईल. त्याच वर्षी ब्रसेल्समधल्या बाँबस्फोटांना दोन दिवस होतात तोच, फ्रान्सिस यांनी कास्तेलनुओवो दी पोर्तो येथील निर्वासितांच्या आश्रयस्थानी कॅथलिक व कॉप्टिक ख्रिस्ती, मुसलमान आणि एक भारतीय हिंदू अशांचे पाय धुतले. २०२४ साली रेबिब्बियाच्या महिला तुरुंगात ते चाकांच्या खुर्चीवरून आले. बारा स्त्रिया उंच चौथऱ्यावर बसविल्या होत्या, म्हणजे फ्रान्सिस यांना बसल्याबसल्या त्यांचे पाय धुता यावेत. १७ एप्रिल २०२५ रोजी ते रेजिना चेली तुरुंगात गेले, यंदा पाय धुणे आपल्याला शक्य नाही असे त्यांनी कैद्यांना सांगितले, आणि चारच दिवसांनी त्यांचे निधन झाले. या बारा वर्षांत त्यांनी विधीचे ठिकाण बदलून जे साधले ते कोणत्याही परिपत्रकाने साधले नसते: पाय निवडताना प्रतिष्ठितांची यादी करण्याची जी सवय ठिकठिकाणी पडलेली होती तिला त्यांनी उत्तर दिले. धुणारा मात्र याही दृश्यात एकच राहिला.

आपल्या देशात या विधीला एक वेगळी धार आहे, कारण येथे स्पर्श हाच शतकानुशतके सामाजिक शिक्षेचा विषय होता. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला गेला त्याचे पाय दुसऱ्या कोणी हातात घेणे, आणि तेही वेदीसमोर, सर्व गावादेखत, याचा अर्थ युरोपातल्या खेडुताला कळेल त्याहून अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) किंवा छत्रपती संभाजीनगरच्या बाजूच्या मराठी ख्रिस्ती माणसाला अधिक कळतो, कारण तेथील ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग दलित जातींतून आलेला आहे. परंतु धर्मांतराबरोबर जात गेली असे म्हणण्यास इतिहास आधार देत नाही. गोव्यात चर्चच्या उत्सवांचे मान सांभाळणाऱ्या कॉन्फ्रारिया जातवार विभागलेल्या होत्या, आणि कोणत्या जातीच्या मानकऱ्यांनी कोणते वस्त्र घालून मिरवणुकीत चालावे यावरून तेथे दीर्घकाळ झगडे झाले. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे रोमने विधीचा नियम बदलला त्याच वर्षी, दलितांविषयीचे आपले धोरण जाहीर करून चर्चच्या आतही अस्पृश्यता पाळली गेल्याचे कबूल केले आणि तिला घोर सामाजिक पाप ठरविले. ही दोन कागदपत्रे शेजारी ठेवून वाचावीत अशी आहेत. केरळातल्या सिरो-मलबार ख्रिस्तसभेने पौर्वात्य परंपरेच्या आधारे विधी पुरुषांपुरताच ठेवण्याचे ठरविले, त्याविषयी तिच्या स्वतःच्याच घरात मतभेद आहेत. तो प्रश्न त्या परंपरेने आपल्या बुद्धीने सोडवावा हे खरे, परंतु तीमथ्याच्या पत्रातल्या त्या विधवा तिच्याही वारशात आहेत.

विधीच्या आजच्या रोमन नियमांत बारा हा आकडा सक्तीचा नाही, आणि निवडलेल्यांना विधीचा अर्थ आधी नीट समजावून द्यावा अशी सूचना आहे. म्हणजे निवड आणि पूर्वतयारी या दोन्ही गोष्टी स्थानिक धर्मगुरूच्या व धर्मग्रामाच्या अखत्यारीत येतात. चर्च झाडणारी बाई, स्मशानभूमीत कबरी खणणारा माणूस, गावात नव्याने राहावयास आलेले परप्रांतीय मजूर, ज्या घराशी इतरांचे बोलणे तुटले आहे त्या घरातले कोणी, यांना त्या आसनावर बसविण्यास आता कोणत्याही वरिष्ठाची परवानगी लागत नाही. आणि त्यांना बोलावताना, पेत्राप्रमाणे संकोचून ते नकार देतील तर त्या नकाराशी सावकाश बोलत बसावे लागेल, हेही गृहीत धरले पाहिजे. धर्मगुरूचे स्वतःचे पाय कोणी धुवावेत याविषयी मात्र या नियमांत एक अक्षरही नाही. मिस्साच्या विधीत त्यासाठी जागा करण्याचा अधिकार एकट्या धर्मगुरूला नाही हे मी जाणतो. पण बेनेडिक्टच्या स्वयंपाकघरात तो विधी मिस्साबाहेरच, दर शनिवारी, भांडी घासून झाल्यावर होत असे, आणि धर्मग्रामाच्या एखाद्या साध्या बैठकीत, जेथे वस्त्रे आणि आसने सर्वांची सारखीच असतात, धर्मगुरू, कारभारी मंडळी, शिकविणाऱ्या बायका आणि झाडणारी बाई यांनी आळीपाळीने एकमेकांचे पाय धुण्यास तेव्हा कोणाची मनाई नव्हती आणि आजही नाही.